शेक सात, म्हणजे दगडी घर

ग्वांगझू शहरातल्या मुख्य कॅथीड्रलचं अधिकृत नाव 'येशूच्या पवित्र हृदयाचं कॅथीड्रल' असं आहे. शहरातले लोक मात्र त्याला 'शेक सात' म्हणतात. कँटनी बोलीत शेक म्हणजे दगड आणि सात म्हणजे घर. या नावात येशू नाही, हृदय नाही, चर्चसुद्धा नाही. समोर काय दिसतं तेवढंच सांगून हे नाव थांबतं: दगडाचं घर.

ग्वांगझू म्हणजे जुन्या पुस्तकांतलं कँटन, दक्षिण चीनमधलं मोती नदीकाठचं व्यापारी शहर. तिथल्या यीदे रस्त्यावर हे कॅथीड्रल उभं आहे. संपूर्ण ग्रॅनाइटचं बांधकाम, दोन सुळकेदार मनोरे, मधोमध मोठी गोल खिडकी, लांबी साधारण ७८ मीटर आणि उंची ५८ मीटरच्या आसपास. इन्स्टाग्रामवर शोधलंत तर पांढऱ्या झग्यातल्या नवऱ्यामुली, पायऱ्यांवर पोझ देणारी मुलं आणि 'पूर्वेचं नोत्र दाम' असले मथळे दिसतील. फोटो सुंदर असतात, कारण इमारतच सुंदर आहे.

या लेखाचा प्रश्न त्या सौंदर्याशीच निगडित आहे. ही इमारत ज्या जागेवर उभी आहे ती जागा युद्धाने रिकामी केली होती. ती ज्या कागदांच्या जोरावर मिळाली ते कागद पराभूत सरकारकडून लिहून घेतले होते. आणि तरीही तिच्याकडे बघताना मान वर जाते. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर आपण ती वाचायची कशी?

जागा

चर्चच्या आधी इथे एक कचेरीवाडा होता. ग्वांगतुंग आणि ग्वांगशी या दोन प्रांतांचा व्हाइसरॉय तिथे राहायचा आणि तिथूनच कारभार करायचा. १८५०च्या दशकात या पदावर ये मिंगचेन नावाचा अधिकारी होता. त्याला आजच्या चष्म्यातून देशभक्त हुतात्मा करण्याची घाई नको. बंड मोडून काढताना त्याने हजारो माणसांची मुंडकी उडवली होती. परकीयांना कँटनच्या तटबंदीच्या आत येऊ द्यायचं नाही, यावरही तो ठाम होता.

ब्रिटिशांना युद्धासाठी निमित्त हवं होतं. ते 'ॲरो' नावाच्या जहाजावर चिनी शिपायांनी केलेल्या अटकेतून ऑक्टोबर १८५६मध्ये मिळालं. फ्रेंचांना त्यांचं निमित्त त्याआधीच मिळालेलं होतं. फेब्रुवारी १८५६मध्ये ग्वांगशी प्रांतात ऑग्युस्त शापदेलेन नावाच्या फ्रेंच मिशनऱ्याचा छळ करून जीव घेण्यात आला. त्या काळी परकीय मिशनऱ्यांना अंतर्भागात जायची परवानगी नव्हती आणि तो तिथे गेला होता. ग्वांगशी हा ये मिंगचेनच्याच अखत्यारीतला प्रांत. ब्रिटनला व्यापार हवा होता, फ्रान्सला आपल्या मिशनऱ्याचा हिशोब मागायचा होता आणि दोघांच्या तोफा एकाच शहराकडे वळल्या.

मधे एक वळण आलं, ते थेट आपल्याकडचं. १८५७मध्ये चीनकडे निघालेली ब्रिटिश फौज हिंदुस्थानातल्या उठावामुळे कलकत्त्याकडे वळवावी लागली. कँटनवरचा हल्ला त्यामुळे काही महिने लांबला. मीरत, दिल्ली, कानपूर पेटलेले असताना मोती नदीवरच्या एका शहराला थोडी उसंत मिळाली, हे आपल्या पाठ्यपुस्तकात कधी वाचल्याचं आठवत नाही.

डिसेंबर १८५७च्या अखेरीस कँटन पडलं. जानेवारी १८५८च्या पहिल्या आठवड्यात ये मिंगचेनला शहरातच पकडलं आणि जहाजात घालून कलकत्त्याला आणलं. १८५९मध्ये तिथेच त्याचा अंत झाला. ब्रिटिशांनी त्याच सुमारास बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला नेलं. तख्त हिसकावलेल्या माणसाला समुद्रापार ठेवायचं, ही साम्राज्याची नेहमीची व्यवस्था होती. फरक इतकाच की कुणासाठी परमुलुख रंगून होता, कुणासाठी कलकत्ता.

युद्धात व्हाइसरॉयचा वाडा उद्ध्वस्त झाला. शेक सात त्याच जागेवर आहे.

एक जास्तीचं वाक्य

पुढचा भाग साहित्याच्या वाचकाला विशेष रस वाटावा असा आहे, कारण तो भाषांतराबद्दल आहे.

१८६०मध्ये पेकिंगचा करार झाला. त्याच्या सहाव्या कलमात, पूर्वी कॅथलिकांकडून जप्त केलेली चर्चं आणि मालमत्ता परत देण्याचं आश्वासन होतं. फ्रेंच मसुद्यात कलम इथे संपतं. चिनी मसुद्यात मात्र एक वाक्य जास्त आहे: फ्रेंच मिशनऱ्यांना सर्व प्रांतांत जमीन भाड्याने किंवा विकत घेऊन त्यावर बांधकाम करता येईल. म्हणजे जिंकणाऱ्याच्या भाषेत जी सवलत नव्हती, ती हरणाऱ्याच्या भाषेत अवतरली. दुभाषा म्हणून काम करणाऱ्या देलामार या मिशनऱ्याने ते वाक्य आत सरकवलं, असं बहुतेक इतिहासकार मानतात. पुढची कित्येक दशकं चीनभर मिशनरी जमिनी घेत राहिले, त्यामागे या एका वाक्याचं बळ होतं.

कँटनमध्ये जानेवारी १८६१मध्ये व्हाइसरॉयच्या वाड्याची जागा पॅरिसच्या परदेशी मिशन सोसायटीला मिळाली. कारण सांगितलं गेलं ते नुकसानभरपाईचं: अठराव्या शतकात बादशहाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातल्यावर जी चर्चं गेली, त्यांच्या बदल्यात ही जागा. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. बंदी खरी होती, जप्ती खरी होती, कॅथलिकांचे हालही खरे होते. पण सही झाली तेव्हा शहरात फ्रेंच आणि ब्रिटिश फौजा तळ ठोकून होत्या. नव्या व्हाइसरॉयकडे 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती. आणि हजारो चौरस मैलांच्या प्रांतातून भरपाईसाठी निवडली गेलेली जागा नेमकी आधीच्या व्हाइसरॉयच्या घराची होती. त्या निवडीचा अर्थ शहरातल्या कुणालाही समजावून सांगावा लागला नसेल.

बिशप गियमँ यांनी फ्रान्सला जाऊन तिसऱ्या नेपोलियनकडून घसघशीत मदत मिळवली. फ्रान्समधल्या सामान्य भाविकांनीही वर्गण्या दिल्या. १८६३मध्ये पायाभरणी झाली. जेरुसलेमची आणि रोमची थोडी थोडी माती आणून पायात घातली. दर्शनी भागाच्या पूर्वेकडच्या दगडावर जेरुसलेमचं नाव आणि पश्चिमेकडच्या दगडावर रोमचं नाव कोरलं, दोन्हींपुढे साल १८६३. धर्म पूर्वेला जन्मला आणि पश्चिमेला वाढला, हा त्याचा अर्थ. त्या दोन दगडांच्या मधे, खाली जे गाडलं गेलं, त्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही.

दगड काय सांगतो

इथपर्यंतची गोष्ट कागदपत्रांची. पण इमारतीवर लिहिताना तिच्या अंगाकडे न बघता फक्त तिची कुंडली मांडली तर ती समीक्षा होत नाही, आरोपपत्र होतं.

आराखडा फ्रेंच वास्तुतज्ज्ञांचा, वोत्रँ आणि अंबेर यांचा. नमुना म्हणून पॅरिसचं सेंट क्लोतिल्ड चर्च डोळ्यांसमोर होतं. हे चर्चही खरं मध्ययुगीन नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपला मध्ययुगाची जी ओढ लागली, त्यातून ते बांधलं गेलं. म्हणजे कँटनमध्ये जे उभं राहिलं ती नकलेची नक्कल. हे ऐकून नाक मुरडण्याआधी बांधकाम कशाचं आणि कुणी केलं ते बघू.

पॅरिसचं गॉथिक चुनखडीचं आहे. चुनखडी मऊ असते. छिन्नीला साथ देते, पानं, फुलं, संतांच्या झग्याच्या चुण्या तिच्यात सहज उतरतात. ग्वांगझूला दगड आला तो हाँगकाँगजवळच्या काउलूनच्या किनाऱ्यावरून, होड्यांतून. तो होता ग्रॅनाइट. आपल्याकडच्या काळ्या पाषाणावर काम केलेल्या पाथरवटाला विचारा, कठीण दगडात बारीक नक्षी काढणं म्हणजे काय. ग्रॅनाइट लाड करून घेत नाही. म्हणून शेक सातचं गॉथिक पॅरिसपेक्षा गंभीर आहे. नक्षी कमी, रेषा स्पष्ट, कमानींच्या कडा ठाम. जे साहित्य हाताशी होतं त्याने शैली बदलली. ही नक्कल दगडापाशी येऊन स्वतंत्र झाली.

आणि तो दगड घडवणारे हात फ्रेंच नव्हते. कामाचा मुख्य कारागीर म्हणून ग्वांगतुंगमधल्या जिएशी भागातल्या त्साई श्याओ या पाथरवटाचं नाव घेतलं जातं. परक्या भाषेतले, परक्या मापांचे नकाशे समजून घेऊन, कधी न बघितलेल्या प्रकारची इमारत त्याने आणि त्याच्या माणसांनी उभी केली. दगड सांधायला चिनी पद्धतीप्रमाणे चिकट तांदळाची खळ आणि तुंगाचं तेल वापरलं, असंही सांगतात. काम १८८८पर्यंत, म्हणजे २५ वर्षं चाललं. ज्याच्या हट्टाने ते सुरू झालं तो बिशप गियमँ तेव्हा हयात नव्हता.

या २५ वर्षांच्या खुणा इमारतीवर आहेत. पावसाचं पाणी बाहेर फेकायला युरोपातल्या गॉथिक चर्चवर विद्रूप राक्षसमुखं असतात. इथे त्या जागी सिंह बसले आहेत, चिनी देवळांच्या दारावर असतात तसे. दुसरी गोष्ट दिशेची. परंपरेने चर्चची वेदी पूर्वेकडे आणि दार पश्चिमेकडे असतं. शेक सातचं तोंड दक्षिणेला आहे. चीनमधलं राजवाड्यापासून वाड्यापर्यंतचं प्रत्येक मानाचं घर दक्षिणाभिमुख असतं. वाडा पाडला गेला, पण त्या भूमीवर घर कुठे तोंड करून बसतं याचा जुना रिवाज मोडला नाही.

तीन कहाण्या आणि त्यांच्यातली खोट

शेक सातबद्दल साधारण तीन प्रकारे लिहिलं-बोललं जातं.

पहिली कहाणी पर्यटनाची. 'चीनमध्ये पॅरिस', 'पूर्वेचं नोत्र दाम' वगैरे. ही कहाणी इमारतीला तिच्या शहरापासून तोडते. पॅरिसची आठवण करून देते म्हणून ती चांगली, असा तिचा सूर. जी गोष्ट शेक सातला शेक सात बनवते, तो ग्रॅनाइट, ते सिंह, ती दिशा, नेमकी तीच या कहाणीच्या नजरेतून सुटते.

दुसरी कहाणी राष्ट्रीय अपमानाची. अफू, तोफा, विषम करार, आणि त्यांचं स्मारक म्हणजे हे चर्च. यातला प्रत्येक तपशील खरा आहे. पण ही कहाणी १८६१च्या पुढे सरकत नाही. या चर्चमध्ये पिढ्यानपिढ्या बाप्तिस्मा, लग्नं, अंत्यविधी झालेल्या चिनी कॅथलिकांना ती जमेला धरत नाही. ती त्यांना परक्यांच्या घरातले भाडेकरू समजते.

तिसरी कहाणी कारागिराची, आणि ती अलीकडे जास्त आवडीने सांगितली जाते: नकाशा फ्रेंच असेल, पण कौशल्य आमचं. मला ही सर्वांत जवळची वाटते, म्हणूनच तिच्याबद्दल सर्वांत सावध राहायला हवं असं वाटतं. त्साई श्याओचं नाव टिकलं हे चांगलंच झालं. पण काउलूनच्या खाणीत दगड फोडणाऱ्यांची, तो होडीत चढवणाऱ्यांची नावं त्याच्या एका नावाच्या आड झाकली जातात. शिवाय कारागिराचा अभिमान घाईघाईने पुढे केला की जमिनीचा प्रश्न हळूच मागे पडतो. 'शेवटी आमच्याच लोकांनी बांधलं' या वाक्यात मजुरीचा इतिहास अभिमानाच्या इतिहासात विरून जातो.

या तिन्ही कहाण्यांना एकच घाई आहे: इमारत कुणाची ते एकदाचं ठरवून टाकायची. शेक सात ती घाई मान्य करत नाही. उत्तरेला त्येनचिनमध्ये काय झालं ते बघा. तिथेही फ्रेंचांनी मानाच्या जागेवर चर्च बांधलं आणि त्याला 'विजयांची माता' असं नाव दिलं. जून १८७०मध्ये अफवा पसरल्या, फ्रेंच कॉन्सुलने गोळी झाडली, जमावाने त्याला मारलं, दहा नन्ससह अनेक परकीय आणि चिनी ख्रिस्ती मारले गेले आणि चर्च जळालं. १८९७मध्ये पुन्हा बांधलं, १९००मध्ये बॉक्सर उठावात पुन्हा जळालं, १९०४मध्ये पुन्हा उभं राहिलं. जी इमारत फक्त विजयाची भाषा बोलते तिला तशीच उत्तरं मिळतात. कँटनमध्ये संताप नव्हता असं नाही. पण शहराने या इमारतीला आपल्या बोलीतलं एक साधं नाव दिलं आणि वापरत राहिलं. मला ते नाव ताबा घेण्याचा सगळ्यात शांत प्रकार वाटतो.

आतली माणसं

विसाव्या शतकात प्रश्न उलटा झाला. आधी चर्च फार परकीय म्हणून संशयित होतं. आता चर्चमधली चिनी माणसं परकीयांशी नातं ठेवतात म्हणून संशयित झाली.

बिशप डॉमिनिक तांग हे हाँगकाँगमध्ये जन्मलेले जेझुइट. त्यांनी रोमशी नातं तोडायला नकार दिला. १९५८मध्ये त्यांना अटक झाली आणि २२ वर्षांनी, १९८०मध्ये सुटका. १९८१मध्ये पोपने त्यांना आर्चबिशप नेमलं, तेव्हा चिनी सरकारने हा बाहेरचा हस्तक्षेप ठरवून ते नाकारलं. ते परत आपल्या शहरात येऊ शकले नाहीत. १९९५मध्ये अमेरिकेत वारले. ये मिंगचेन कलकत्त्यात, तांग अमेरिकेत. एकाच जागेवरून गेलेली ही दोन माणसं, एकाला साम्राज्याने नेलं, दुसऱ्याला स्वतःच्या देशाने परतू दिलं नाही. फक्त परकीय आक्रमणाची कहाणी सांगणाऱ्यांना हा दुसरा माणूस अडचणीचा ठरतो.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चर्च बंद पडलं, मोडतोड झाली, फ्रान्सहून आणलेल्या रंगीत काचा फुटल्या. १९७९मध्ये दारं पुन्हा उघडली. १९९६मध्ये सरकारने या वास्तूला राष्ट्रीय संरक्षणाच्या यादीत घेतलं. २००४ ते २००६मध्ये मोठी डागडुजी झाली, तेव्हा नव्या रंगीत काचा फिलिपिन्समधून आल्या. आज आत जो रंगीत उजेड पडतो तो फ्रान्सचा नाही, आशियातल्याच एका कॅथलिक देशाचा आहे.

पण जुनी जखम भरलेली नाही. ऑक्टोबर २०००मध्ये पोपने चीनमधल्या १२० हुतात्म्यांना संतपद दिलं. त्यांत शापदेलेनही होता, ज्याच्या मृत्यूच्या नावाने फ्रान्स युद्धात उतरलं होतं. समारंभाची तारीख होती १ ऑक्टोबर, चीनचा राष्ट्रीय दिन. बीजिंगने तीव्र निषेध केला. एकाच माणसाला एक बाजू संत म्हणते, दुसरी गुन्हेगार म्हणते आणि दोघांनाही त्याचा उपयोग झालेला आहे. त्या १२० जणांत बहुसंख्य चिनी होते, ही गोष्ट या भांडणात मागे पडली.

आपला हिस्सा

मराठी वाचकाने हे सगळं लांबून, कोरड्या पायांनी वाचू नये. या युद्धांना अफू युद्धं म्हणतात आणि ती अफू हिंदुस्थानातून जात होती. बिहार-बनारसची अफू कलकत्त्यातून जायची, माळव्याची मुंबईच्या बंदरातून. अमिताव घोष यांच्या 'रिव्हर ऑफ स्मोक' या कादंबरीतला मुंबईचा पारशी व्यापारी कँटनच्या नदीकाठी उगाच येऊन बसलेला नाही. त्याच १८५८ साली, एकाच वाटाघाटींच्या ओघात, अफूचा व्यापार कायदेशीर झाला आणि मिशनऱ्यांना चीनच्या अंतर्भागाचे दरवाजे उघडले.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत कापसाबरोबर चीनच्या अफूचा मोठा वाटा होता. त्यांच्या देणगीतून १८५७मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या सजावटीवर काम केलं, ती मोरं, ती माकडं, ती दगडी पानं. ही इमारत पूर्ण झाली १८८८मध्ये. शेक सातही १८८८मध्येच. एकाच समुद्री व्यापाराच्या दोन टोकांना, एकाच वर्षी, दोन गॉथिक इमारती उभ्या राहिल्या आणि दोन्हींवर स्थानिक हातांनी आपले प्राणी कोरून ठेवले.

आपण रोज सीएसएमटीमधून धावत लोकल पकडतो. स्टेशनाचं नाव आपण बदललं, ते योग्यच. पण नाव बदललं म्हणून तिथल्या दगडात गुंतलेला पैसा बदलत नाही, आणि त्या पैशामुळे त्या मोराची पिसं खोटीही ठरत नाहीत. सौंदर्याने इतिहास माफ होत नाही. इतिहासाने सौंदर्य पुसलंही जात नाही. दोन्ही एकाच वेळी धरून ठेवायला थोडी ताकद लागते, इतकंच.

शेक सातच्या आजूबाजूचा यीदे रस्ता म्हणजे घाऊक बाजार. सुकी मासळी, खेळणी, सजावटीचं सामान. ग्वांगझूला आफ्रिकेतून माल भरायला आलेले कॅथलिक व्यापारी रविवारी इथल्या इंग्रजी प्रार्थनेला येतात. व्यापाऱ्यांच्या तोफांनी मोकळ्या केलेल्या जागेत आता वेगळ्या खंडातले छोटे व्यापारी गुडघे टेकतात, फिलिपिन्सच्या काचांतून आलेल्या उजेडात, ग्वांगतुंगच्या पाथरवटांनी बांधलेल्या कमानींखाली. ही जागा कुणाची, या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही.

तुमच्या स्क्रीनवर पुढच्या वेळी त्या मनोऱ्यांचा फोटो आला तर लाईक जरूर करा. फक्त झूम करून वळचणीला बसलेला सिंह शोधा, आणि तो कुणाच्या घरावर बसला आहे हे क्षणभर आठवा.